झोपेचा पारखी

आमचे साहेब भर कोर्टात झोपत. मान सावरत, रुमालाने डोळे पुसल्याचं सोंग करत चोरून घेतलेली डुलकी नव्हे. चपला काढून, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घेतलेली राजरोस झोप. समोर आरोपीचा वकील साहेबांच्याच तपासाची लक्तरं वेशीवर टांगत असायचा आणि इकडे साहेब घोरत असायचे. मी औषध निरीक्षक म्हणून नागपूरच्या कचेरीत नवा नवा रुजू झालो होतो. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला दरदरून घाम फुटला. मी त्यांना कोपरानं ढोसलं, तर त्यांनी एकच डोळा उघडला.

“कामाचं काही बोलला का थो?”

“नाही, साहेब.”

“मंग काहून उठवून राहिला गा?” आणि डोळा बंद!

गंमत अशी, की कामाचा शब्द आला की त्यांना उठवावं लागतच नसे. वकिलाच्या तोंडून ‘लेबल’ किंवा ‘मोहोर’ असा काही शब्द निघाला की घोरणं जागच्या जागी थांबे आणि साहेब चपलेत पाय सरकवत सरकारी वकिलाच्या कानाशी लागलेले दिसत. झोपेत हा माणूस नेमका कोणत्या कानानं ऐकतो, हे कोडं आमच्या कचेरीत कुणालाच सुटलं नव्हतं.

ते कुठेही झोपू शकत. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या दुकानांची तपासणी असली की एसटीत दांडा धरून उभ्याउभ्या झोपत आणि स्टँड येताच ताजेतवाने उतरत. घरात गजराचं घड्याळ ठेवलं नव्हतं. “ज्याले झोपता येते, त्याले उठता येते,” असं म्हणत. आणि नुसते झोपत नसत, झोपेचे पारखी होते. झोपलेला माणूस दिसला की एखाद्या बागाईतदारानं संत्रं हातात घेऊन पाहावं तसे त्याच्याकडे पाहत उभे राहायचे. ही गिरणीतल्या पाळीची झोप. ही मास्तरची, तोंडावर पुस्तक. ही सासुरवाशिणीची, एक कान चुलीकडे. कचेरीतल्या चपराशाला एकदा स्टुलावर झोपलेलं पाहून आम्ही त्याला हलवायला गेलो, तर साहेब आमच्यावरच खेकसले, “असू द्या! अस्सल आहे.”

आणि अशा माणसाच्या नशिबी काम काय आलं, तर झोपेच्या गोळ्या विकणाऱ्यांवर खटले भरायचं!

सत्तर सालाच्या आतबाहेरची ही वर्षं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या विकायच्या नाहीत असा कायदा होता, आणि गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या विकल्या जात होत्या. त्याहून वाईट धंदा लेबलांचा. हजार गोळ्यांचा मोठा डबा आणायचा, लहान बाटल्यांत गोळ्या भरायच्या आणि वर भलत्याच नावाचं रंगीत लेबल चिकटवायचं. घेणाऱ्याला वाटतं टॉनिक, आणि पोटात जाते झोपेची गोळी. एरवी शांत असलेले साहेब असल्या दुकानात शिरले की त्यांचे कान लाल व्हायचे.

त्यांची छाप्याची हत्यारं जेवणाच्या डब्यात असत. वरच्या खणात दोरा आणि लाखेची कांडी, खालच्यात स्पिरिटचा दिवा. पितळी मोहोर मात्र डब्यात नसे. ती कमरेच्या करदोट्याला बांधलेली असे, आणि भर दुकानात सदरा वर करून ती काढताना त्यांना काडीचाही संकोच वाटत नसे. कायद्यानं नमुन्याचे सारखे भाग करायचे असतात. एक तपासणीला जातो, एक कोर्टासाठी राहतो आणि एक खुद्द दुकानदाराला द्यायचा, म्हणजे उद्या त्याला कुणी फसवलं म्हणायला जागा नको. प्रत्येक पाकिटावर साहेब स्वतः लाख ओतत, फुंकर घालत आणि मोहोर उठवत. मग दुकानदाराच्या हातात त्याचं पाकीट देऊन, पाहुण्याला शिदोरी द्यावी तसं सांगत, “शेठजी, आपल्या नागपूरच्या उन्हात लाख पघळते. इंजेक्शनं ठेवता न, त्या फ्रीजमंधी ठेवजा. सांभाळून.”

या वाक्यावर कचेरीत आम्ही पोट धरून हसायचो. ज्याच्यावर खटला भरायचा त्यालाच पुरावा थंड ठेवायला सांगायचं! आमच्या कचेरीत तर फ्रीज सोडाच, धड पंखा नव्हता. एकदा मी धीर करून म्हटलं, “साहेब, त्याचा भाग खराब झाला तर आपलं काय जातं?”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटात खडा टाकला. “कायद्यानं थो भाग त्याले देला न? मंग त्याचा भाग खराब काहून होऊ द्याचा? आपन काय चोर आहोत का, बाबू?”

हसणं मात्र पाठीमागे चालूच राहिलं.

साहेब आमच्या घरी आले ते ठेच्यासाठी. मी नागपूरच्या महाल भागात मावशीकडे राहायचो. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. ती भिवापूरची. तिच्या हातच्या भिवापुरी मिरचीच्या ठेच्याची मी कचेरीत इतकी तारीफ केली होती, की साहेब एका रविवारी दुपारी डबा घेऊनच हजर झाले. पण ठेचा नव्हता. त्या वर्षी घरात काहीच होत नव्हतं. एरवी फटफटायच्या आत उठून नळावर चार बायकांशी भांडून येणारी, गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरची खबर ठेवणारी माझी मावशी हल्ली सगळा दिवस खाटेवर पडून असायची. उठली तरी शब्द तोंडात घोळायचे. गच्चीवर कुरडया नाहीत, की कुणाच्या नावानं ओरडा नाही. मी म्हणायचो वय झालं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ती म्हणायची, औषध चालू आहे.

साहेब खाटेपाशी उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, अस्सल आहे. पण ते वाकून तिचा चेहरा निरखू लागले. मावशीच्या गालावर एक माशी बसली, नाकापर्यंत चालत गेली, उडाली. मावशी हलली नाही. साहेबांचे कान लाल होत चालले.

“बाबू, हे झोप नाही.”

“म्हणजे?”

“झोप आवाज करते गा. कूस बदलते. माशी बसली त हात उचलते. हे झोप कोनीतरी हिच्या अंगावर टाकली आहे. काय घेते थे?”

उशीखाली बाटली सापडली. वर फुलाफुलांचं लेबल: ‘मज्जाबल टॉनिक गोळ्या. अशक्तपणा व उदासीनतेवर. सर्व वयांत निर्धोक.’ गल्लीच्या तोंडावरच्या औषधाच्या दुकानातून ती वर्षभर आणत होती. साहेबांनी एक गोळी नखानं खरवडली, जिभेला लावली, थुंकले आणि म्हणाले, “तुह्याच घरात बाबू, तुह्या नाकाखाली!” मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

छापा ठरला तो मावशी बाटली आणायला जाईल त्या सकाळी. तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं दुकानाच्या मालकाला, शेठजीला गाठून सगळं ओकलं असतं, कारण शेठजी तिचा मोठा विश्वासाचा माणूस. अडचण अशी, की साहेबांना शहरातला प्रत्येक औषधवाला ओळखायचा. त्यांची सायकल कोपऱ्यावर दिसली की शटर खाली. म्हणून साहेब दुकानासमोरच्या सलूनमध्ये जाऊन बसले. तोंडाला पांढराशुभ्र फेस, गळ्याभोवती कापड. आता सख्ख्या बायकोनंही ओळखलं नसतं. आरशातून त्यांना समोरचं दुकान दिसत होतं. मी सलूनच्या दाराआड, हातात तो जेवणाचा डबा, आणि छाती अशी धडधडतेय की डब्याची झाकणं वाजतील!

मावशी आली. पाय ओढत, भिंतीला धरत. शेठजींनी हसून मागे वळून कपाटातून बाटली काढली. मी आरशात पाहिलं. साहेब झोपले होते! वस्तरा गालावरून फिरतोय आणि आमचे साहेब शांतपणे घोरतायत. न्हावी बिचारा घोरण्याच्या तालावर वस्तरा उचलत होता. मी दातओठ खात कुजबुजलो, “साहेब, बाटली!”

त्यासरशी घोरणं थांबलं. कापड भिरकावून, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस, अशा अवतारात साहेब रस्ता ओलांडून दुकानाच्या फळीवर उभे. “शेठजी, नमस्कार! चिठ्ठी कुठं आहे बाईची?”

शेठजींनी आधी त्यांना ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा उशीर झाला होता. मागच्या खोलीत हजार गोळ्यांचा डबा निघाला, फुलाफुलांच्या लेबलांचा गठ्ठा निघाला आणि डिंकाची वाटीही, ओलीच! पंच म्हणून न्हाव्यालाच बोलावलं. फेस गालावर वाळून गेला तरी साहेब लाख ओततायत, करदोट्याची मोहोर काढून उठवतायत. गल्ली जमा झालेली. आणि सगळं झाल्यावर शेठजींना त्यांचं पाकीट देताना तेच, “फ्रीजमंधी ठेवजा. सांभाळून.”

या गर्दीत मावशी हातातली बाटली धरून उभी होती. गल्लीसमोर आपला तमाशा झाला एवढंच तिला समजलं. बाटलीही तिच्या हातून काढून घेतली. “सायबा, तुह्यी झोप जळो!” असं ती साहेबांना म्हणाली आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलायची बंद झाली.

डॉक्टरांनी तिची गोळी हळूहळू कमी करत आणली आणि मग थांबवली. जीभ परत आली, पाय सरळ पडू लागले, पण झोप गेली. पापणीला पापणी लागेना. डोळे लाल, तोंड सुरू. “टॉनिक होतं थे! तुह्या सायबानं माह्यावर वैर काढलं. बारा गावचं पानी प्यालेला मानूस, त्याले एक म्हातारी भेटली!” एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हाताची मूठ जमिनीवर टेकवून म्हणाली, “हे पाय. कोर्टात शेठ सुटला, त गोळी निर्दोष. मंग मी त्याच दुकानातून आनीन, अन् तू मले अडवाचं नाही. शेठले सजा झाली, त मी नाव नाही घेनार. कबूल?”

तपासणीच्या अहवालासकट पुरावा इतका पक्का होता की मी पटकन कबूल म्हटलं. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते प्रथमच जेवताजेवता थांबले. “जबान देली तू?” आणि मग बराच वेळ भात चिवडत बसले. “मंग आता सुटू नाही देता येत, बाबू.”

सुनावणी आली ती नेमकी नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. उन्हाळ्यामुळे कोर्ट सकाळचं, पण सकाळीच कौलं तापलेली. शेठजींनी नागपुरातला नामांकित वकील दिला होता. त्याचा आवाज असा की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडायचे. मावशी साक्षीला उभी राहिली आणि तिनं पहिल्याच वाक्यात आमचं कंबरडं मोडलं.

“गोळ्या मस्त होत्या,” ती साहेबांकडे रागानं पाहत म्हणाली. “अश्शी झोप लागे!”

वकील खूश. आमच्या सरकारी वकिलांनी घाबरत घाबरत विचारलं, “पण बाई, तुम्ही दुकानात मागितलं काय होतं?”

“म्या त तरतरीची गोळी मांगतली होती.”

कोर्ट हसलं. मावशीही क्षणभर थांबली, आपण काय बोललो ते स्वतःशीच पुन्हा म्हटल्यासारखे तिचे ओठ हलले. मला वाटलं, जिंकलो!

पण मग कोर्टासाठी राखलेलं पाकीट निघालं. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कागदपत्रांच्या ढिगाखाली ते पडून होतं. लाख पघळून पोळीसारखी सपाट झाली होती. मोहोर कुठली आणि डाग कुठला, कळत नव्हतं. वकील महाशय ते पाकीट चिमटीत धरून मॅजिस्ट्रेटपुढे नाचवू लागले. ही मोहोर? हिच्या आत कुणी काय भरलं, कुणी सांगावं? तपासणीला गेलेलंही असंच वितळलं नसेल कशावरून? संशयाचा फायदा माझ्या अशिलाला मिळालाच पाहिजे! मॅजिस्ट्रेटनी चष्मा लावून पाकीट उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. आमच्या दोघांच्याही मनात तेच दुकान होतं. आणि साहेब? साहेब भिंतीला टेकून घोरत होते! त्या वेळी मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही.

वकील आता रंगात आले होते. तेवढ्यावर थांबते तर शेठजी सुटलेच होते. पण आवाज लागलेला गवई आणि जिंकत आलेला वकील, दोघांनाही थांबणं कठीण. “सरकारी खात्याची ही बेपर्वाई पाहावी आणि माझ्या अशिलाची दक्षता पाहावी!” असं म्हणत त्यांनी शेठजींच्या पिशवीत हात घातला. शेठजींनी त्यांचा काळा कोट मागून ओढला. वकिलांनी तो झटकला. शेठजी पुन्हा ओढतायत, वकील पुन्हा झटकतायत, आणि पिशवीतून निघालं पाकीट! दुकानातल्या फ्रीजमध्ये इंजेक्शनांशेजारी ठेवलेलं, अजून गारवा धरलेलं. “ही पाहा, हुजूर! अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी मोहोर! याला म्हणतात जपणूक!”

घोरणं थांबलं होतं. कधी थांबलं कुणास ठाऊक. साहेब अनवाणीच उभे होते.

“हुजूर,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदानं कापत होता, “वकीलसाहेब बरोबर बोलून राहिले. थे मोहोर माह्यी आहे. एकदम साबूत आहे. त थेच पाठवा न तपासाले!”

वकिलांनी हातातल्या पाकिटाकडे पाहिलं, मग शेठजींकडे. शेठजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. वकिलांनी पाकीट परत पिशवीत ठेवायचा एक दुबळा प्रयत्न केला, पण मॅजिस्ट्रेटनी हात पुढे केला होता. माझी मावशी, जी साहेबांशी बोलत नव्हती, ती मागच्या बाकावरून मोठ्यानं ओरडली, “हाव! थेच पाठवा!” तिला शिपायानं गप्प केलं, पण उशिरा.

पाकीट कलकत्त्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. अहवाल आला: आत टॉनिकाचा कणही नाही, निखळ झोपेची गोळी. शेठजींना सजा झाली, दुकानाचा परवाना गेला. आमच्या कचेरीत त्या दिवशी जो जल्लोष झाला तो काय सांगू! फ्रीजच्या वाक्यावर सगळ्यात जास्त हसणारा मीच, आणि मीच साहेबांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी मला वरच्यावर उचललं आणि विचारलं, “ठेचा झाला काय गा घरी?”

झाला होता. मावशीनं भिवापूरहून मिरची आणवली होती. साहेब आमच्या घरी जेवले. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी भाकरीवर भाकरी घेत राहिले. मावशी वाढत होती, पण बोलत नव्हती. जेवण झाल्यावर साहेबांनी नेहमीप्रमाणे कुणाला न विचारता सतरंजी ओढली, कुलरसमोर टाकली आणि पाठ टेकताच घोरायला लागले. दारावरचा पडदा हलेल असं घोरणं.

मावशी भिंतीशी लसूण सोलत बसली. “केवढा घोरते वं माय हा मानूस,” ती पुटपुटली. “मी म्हनलं होतं याची झोप जळो. काही नाही जळली.” मग मला म्हणाली, “तू हळू बोल. उठन थो.” मी काही बोलतच नव्हतो. ती त्या घोरण्याकडे पाहत राहिली, लसूण सोलत राहिली. कुलरच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता. तिचा हात हळू झाला. पाकळी बोटांतच राहिली, मान खांद्यावर आली, आणि ती बसल्याजागी कलंडून आडवी झाली.

तिनं पुन्हा काही घेतलं तर नाही? मी उठून तिच्याजवळ गेलो. एक माशी आली आणि तिच्या गालावर बसली. मी श्वास रोखून पाहत राहिलो.

मावशीनं फाडकन स्वतःच्या गालावर चापट मारली, झोपेतच माशीला एक शिवी दिली, कूस बदलली आणि घोरू लागली.

सतरंजीवरचं घोरणं थांबलं होतं. साहेबांनी एकच डोळा उघडला होता आणि ते ऐकत होते.

“अस्सल आहे,” ते म्हणाले आणि डोळा मिटला.